माझी पाठ म्हणजे टेबल नव्हे

हो, टाकीतून येतोय तो आवाज माझाच. कासवं बोलत नाहीत असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मी काचेला नाक लावून तोंड उघडत-मिटत होते, तेव्हा तुम्ही कौतुकानं म्हणालात, "बघ, कशी गोड जांभई देतोय!" जांभई नव्हती ती. तक्रार होती.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढं घोळ नको. माझ्या पाठीवर जे आहे ते माझं घर नाही. मी त्यात भाड्यानं राहत नाही, आणि कंटाळा आला म्हणून ते काढून ठेवून फिरायलाही जात नाही. माझ्या बरगड्या आणि माझा कणा मिळून ते कवच झालंय. येणारा-जाणारा त्यावर टिचकी मारून "कोण आहे का घरात?" असं विचारतो आणि स्वतःच्याच विनोदावर हसतो. ती टिचकी मला लागते, साहेब. तुमच्या मणक्यावर कुणी अशी टिचकी मारली तर तुम्ही हसाल का?

दुसरी गोष्ट, मी बाई आहे. या घराला ते फार उशिरा कळलं. पण ते पुढं येईलच.

माझा जन्म वाळूच्या एका ट्रेमध्ये झाला. पाणकासवं विकण्यासाठीच वाढवतात अशी ती जागा. आईला मी पाहिलं नाही. त्याचं दुःखही नाही. आमच्यात आया अंडी वाळूत पुरतात आणि आपल्या वाटेनं जातात. तिथून मी एका दुकानात आले, तेव्हा कोटाच्या बटणाएवढी होते. डोळ्यामागे लाल पट्टा, पाठ हिरवीगार. ज्या घरात आज आहे त्या घरातला मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो आईला घेऊन आला. आई वाकून माझ्याकडे पाहत म्हणाली, "एवढंच राहतं ना हो हे?"

"एवढंच, काकू. टाकी जेवढी तेवढंच वाढतं."

"आणि खातं काय?"

"हा डबा न्या. संपला की दुसरा न्या."

डब्यात सुकी कोळंबी होती. दुकानदार खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. तो आपला विकत होता. पण त्याच्या त्या दोन वाक्यांवर या माणसांनी माझं सगळं आयुष्य उभारलं. टाकीपुरतीच वाढणारी मी, आज मुलाच्या पसरलेल्या पंजाहून मोठी आहे. टाकी मात्र दहा वर्षं तीच राहिली.

घर म्हणजे खाली कारखाना आणि वर दोन खोल्या. मुलाचे वडील फर्निचरला पॉलिश करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, बायकोसुद्धा. हात कोपरापर्यंत तपकिरी, नखांत लाखेचा रंग, आणि अंगाला स्पिरिट आणि जवसाच्या तेलाचा वास. हा वास आंघोळीनं जात नाही. तो जिन्यानं त्यांच्या आधी वर येतो. वरच्या दोन खोल्यांत खुर्च्या, कपाट, पाट, लाटणं, इस्त्रीच्या टेबलाचे पाय, सगळं चमकायचं. आई एकदा म्हणाली होती, "मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी खुर्चीवरून घसरले."

मिस्त्री आपल्या कामात पक्के. कुणी गिऱ्हाईक पोखरलेलं कपाट घेऊन आलं आणि म्हणालं, वरून फक्त एक हात मारा, विकायचंय, तर ते त्याला बाहेर काढायचे. "कीड लागलेल्या लाकडावर जो पॉलिश मारतो तो कारागीर नाही, चोर आहे," असं ते मोठ्यानं सांगायचे. ते वाक्य जिन्यातून वर यायचं, मी टाकीत कितीदा ऐकलंय. ते ध्यानात ठेवा.

मला नाव शेठ पडलं. पोट टेकवून, मान वर करून, डोळे अर्धे मिटून बसते म्हणून. शेठला काही कमी नव्हतं, हे कुणालाही विचारा. सकाळी आई ब्रेडचा तुकडा टाकायची. दुपारी कोळंबी. मुलगा कामावरून आला की बिस्किट, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या ताटातलं ऑम्लेट. पाला, पानं, हिरवं असं काही मी या घरात कुणाच्या हातात माझ्यासाठी पाहिलं नाही. टाकी खिडकीशी होती, म्हणून सगळे निश्चिंत: "ऊन मिळतं हो त्याला भरपूर!" खिडकी मात्र कायम बंद, मला वारा लागू नये म्हणून. काचेतून उजेड आत येतो, ऊब येते. पण उन्हात माझ्या हाडांच्या कामाचं जे असतं ते काचेबाहेरच थांबतं, चप्पल काढायला थांबलेल्या पाहुण्यासारखं. ते काही आत आलं नाही. शिवाय, कोरडं होऊन बसायला टाकीत साधा दगडही नव्हता. मी दिवसरात्र पाण्यात. तुम्ही अंथरुणाऐवजी बादलीत झोपून बघा.

तुम्ही माणसं म्हणता, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका. माझ्या बाबतीत पोटावर जे पडलं तेच पाठीवर उमटलं. कवचाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या, जुन्या चपलेच्या तळव्यासारख्या. मधले भाग उंचावले. मग उजव्या कडेला एक पांढरट डाग आला, आणि त्याला हलका वास यायला लागला.

डाग सगळ्यात आधी मिस्त्रींना दिसला. डाग दिसायलाच तर त्यांचे डोळे बनले होते. "शेठची पाठ कोरडी पडलीय," ते म्हणाले. दिवसभर पाण्यात बुडालेल्या जिवाची पाठ कोरडी पडलीय, हे फक्त पॉलिशवाल्यालाच सुचू शकतं. "वस्तूवर हात फिरवला नाही की ती रुसते." आणि दर सुट्टीला मला बाहेर काढून, मांडीवर जुनं फडकं पसरून, ते जवसाच्या तेलात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं माझी पाठ पुसायला लागले. गोल गोल, हलक्या हातानं. प्रेमानं करायचे, हे मला नाकारायचं नाही. पण प्रेमानं केलं म्हणजे बरोबर केलं, असं मी मान्य करत नाही. कधीच केलं नाही. मी नखांनी त्यांची मांडी ओरबाडायचे, ते म्हणायचे, "गुदगुल्या होतात लेकाला."

तेलानं डाग दिसेनासा झाला. पाहुणे म्हणायचे, "काय चमकतोय हो! याला म्हणतात निगा!" आणि त्या चमकेखाली मी हळूहळू मऊ होत होते.

मग या घरात सूनबाई आली.

बोलणं कमी, बघणं जास्त. मला माणसांत असं कुणी फारसं भेटलेलं नव्हतं. पहिले काही दिवस तिच्याकडे पाहून मला हसू यायचं. जेवताना आई तिच्या ताटात वाढायची, ती "नको" म्हणायची, आई आणखी वाढायची. मुलगा म्हणायचा, "अगं घे, लाजतेस काय." मिस्त्री म्हणायचे, "आमच्याकडे कुणी उपाशी उठत नाही." तिचा हात ताटावर आडवा, आणि हातावरून डाव पलीकडे. मी टाकीतून बघत होते. मनात म्हटलं, ये बाई, बस. इथं पोट विचारून भरत नाहीत.

जेवणं झाली की ती माझ्या टाकीशी स्टूल ओढून बसायची. मला वाटतं, घरात तिला प्रश्न न विचारणारी मीच एकटी. माहेरची आठवण येते का, मीठ बरोबर पडलं का, हा पडदा आवडला का, यातलं मी काहीच विचारत नव्हते. ती नुसती बघायची. आणि जे इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नाही ते तिनं पाहिलं: मी पोहताना एका बाजूला कलते. कोळंबी तोंडात धरते आणि सोडून देते. दुपारी खिडकीच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ टाकीच्या कोपऱ्यात उतरते, तेव्हा मी तिथं जाऊन काचेवर उभी राहते, रेघ सरकली की मीही सरकते.

एक दिवस तिनं बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि अंगठ्यानं माझ्या कवचाची कडा दाबली. कडा दबली. तिनं हात झटकन मागे घेतला.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, शेठची पाठ मऊ लागतेय."

"कासवाची पाठ मऊ?" तो मोबाइलमधून मान वर न काढता हसला. "उद्या म्हणशील पाणी ओलं लागतंय."

"वासही येतोय."

"कासव आहे ते. त्याला अत्तराचा वास येणारे का?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सूनबाई, त्याची काळजी नको करूस, दहा वर्षं सांभाळलाय आम्ही. तू आपली नीट जेव."

ती गप्प बसली. मला तिचा रागच आला. म्हटलं, बोल की! तुझ्या गळ्यात आवाज आहे, माझ्याकडे तोही नाही. पण नवीन घरात आवाज कुठं ठेवलाय ते माणसाला लवकर सापडत नसावं.

मग जे माझ्या हातात होतं ते मी केलं. खाणं बंद केलं. ब्रेड फुगून फुटायचा, कोळंबी तरंगायची, ऑम्लेट तळाशी जाऊन बसायचं. मी तोंड लावलं नाही. "शेठ रुसलेत," आई म्हणाली, आणि लाडानं दुप्पट घातलं. पाणी नासलं. पांढरा डाग आता तेलातूनही दिसायला लागला, आणि त्याची एक खपली उचलून आली.

त्याच सुमारास मिस्त्रींकडे एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं. एका नव्या हॉटेलचं सगळं फर्निचर. मिस्त्रींनी ठरवलं की माझी टाकी खाली कारखान्यात दर्शनी ठेवायची. "माणूस आत आला की आधी शेठ दिसला पाहिजे. जिवंत नमुना!" पण खपली उचललेला नमुना कसा चालेल? म्हणून त्यांनी मला खाली नेलं, कामाच्या टेबलावर फडकं टाकून त्यावर ठेवलं. एका वाटीत चपडी लाख स्पिरिटात विरघळवलेली. शेजारी झीरो नंबरचा पेपर, लाकूड घासायचा असतो तो.

"आधी घासून सारखं करतो, मग दोन हात लाखेचे," ते मुलाला म्हणाले. "आरशासारखी होईल पाठ."

सूनबाई चहाचे कप घेऊन जिन्यात उभी होती.

पेपर माझ्या पाठीवरून फिरला. पहिल्यांदा खरखर झाली. दुसऱ्यांदा खपली निघाली. तिसऱ्यांदा तो जिथं लागला तिथं कवच नव्हतंच, मी होते.

मी चावले.

मिस्त्रींचा अंगठा माझ्या तोंडाशी होता आणि मी तो धरला. सोडला नाही. कासवं शांत असतात, गरीब असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवशी तिथं असायला हवं होतं.

"अरे! अरे, सोड! सोड लेका!" मिस्त्री उभे राहिले, मी अंगठ्याला लटकलेली. मुलगा धावला, "बाबा, हात झटकू नका! पाण्यात धरा, पाण्यात!" कुणीतरी बादली आणली. पाण्यात गेल्यावर मी सोडलं, कारण मला तेव्हा तसं वाटलं.

"पिसाळलंय हे," मुलगा धापा टाकत म्हणाला. "बाबा, आता मी धरतो. तुम्ही पटकन एक हात मारून घ्या."

"नाही."

आवाज इतका हळू होता की कुणाचा ते आधी कळलंच नाही. सूनबाईनं कप जिन्याच्या पायरीवर ठेवले. ती टेबलापर्यंत आली, पेपर उचलला आणि लाखेच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"अगं, गिऱ्हाईक येणारे," मुलगा म्हणाला.

"येऊ दे."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. पण त्याला दुखतंय, एवढं दिसतं." तिचे कान लाल झाले होते. ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, मला नका विचारू. तुम्ही दाबून बघा. डोळे मिटून. लाकूड समजून."

 मिस्त्रींच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तो त्यांनी फडक्यात गुंडाळला. मग दुसऱ्या हाताचं बोट माझ्या कडेवर ठेवलं आणि खरोखर डोळे मिटले.

 ते बोट कडेवरून हळूहळू सरकत डागापाशी आलं आणि थांबलं. पन्नास वर्षं लाकूड चाचपलेलं बोट ते. वरून चकचकीत आणि आत भुसा, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"आतून लागलंय," ते म्हणाले. लाखेच्या वाटीवरचं झाकण घट्ट बसवत म्हणाले, "आणि वरून मी पॉलिश मारत बसलो."

पुढचं ते बोलले नाहीत. कारागीर नाही, चोर. सगळ्यांना पाठ होतं ते.

प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे एक तिशीतली बाई, चष्मा डोक्यावर आणि शोधत होती टेबलावर. मला उलटसुलट करून, पुढची नखं बघून, शेपटी बघून ती म्हणाली, "याला कधीपासून... थांबा. हिला. मादी आहे ही."

आईनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! शेठ बाई आहेत?"

"खायला काय देता?"

"काही म्हणजे काही कमी नाही हो," आई अभिमानानं म्हणाली. "कोळंबी, ब्रेड, बिस्किट, आमच्या ताटातलं..."

"हिरवा पाला?"

"पाला? शेळी आहे का ती?"

डॉक्टर हसल्या नाहीत. ऊन विचारलं, खिडकी विचारली, बसायला कोरडी जागा विचारली. मग ओल्या कापसानं माझी पाठ पुसली. कापूस तपकिरी झाला. दुसरा घेतला, तोही झाला. "हे काय लावलंय?"

 मिस्त्री म्हणाले, "तेल. मी लावतो." त्यांनी सबब सांगितली नाही.

"हे हाड आहे, काका. लाकूड नाही. हाडाला चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम, आणि तो अंगी लागायला खरं ऊन लागतं, काचेतलं नाही. खाण्यात चुना नाही, वरून तेलाचा थर, आणि चोवीस तास घाण पाणी. कडा मऊ झाल्यात, वरून सडायला लागलंय."

"आम्ही काय हिला उपाशी ठेवलं?" आई म्हणाली.

"उपाशी नाही ठेवलं, काकू. लाड केले. माझ्याकडे येणारी निम्मी कासवं लाडानंच आजारी पडलेली असतात."

"वाचेल का?" हे मिस्त्रींनी विचारलं.

डॉक्टरांनी मला उचलून चेहऱ्यासमोर धरलं. मी तोंड उघडून फुस्स केलं. "सडणं आत पोचलं नसेल तर वाचेल. महिनोन्महिने लागतील. हट्टी दिसतेय, ते बरं आहे."

हट्टी! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी ओळख बरोबर सांगितली.

मोठी टाकी आली. त्यावर विशेष दिवा आला, उन्हासारखा अंगी लागणारा. खिडकी उघडली. दिवसातला बराच वेळ मला कोरडं ठेवायचे, जखम धुऊन मलम लावायचे. ते काम मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अंगठ्यावर माझ्या दातांशिवायच्या चोचीची खूण घेऊन ते मलम लावायचे, आणि हात गोल फिरायला लागला की स्वतःच थांबायचे. पाण्यात चुन्यासाठी समुद्रफेसाचा पांढरा तुकडा आला. तो मी कुरतडला, कारण तो कुणी मला भरवत नव्हतं.

पाला मात्र मी खाल्ला नाही. का खावा? दहा वर्षं ज्यांनी विचारलं नाही त्यांनी एका सकाळी हिरवं पुढं केलं म्हणून? आई पानं बारीक चिरायची, टाकीवर वाकून विनवायची, "खा गं बाई, डॉक्टरीणबाईंपुढं माझी अब्रू घालवू नकोस." मी पाठ फिरवायचे. मग सूनबाईनं कोळंबीचा चुरा पानांना चोळला आणि पानं पाण्यात सोडून ती निघून गेली. बघायलाही थांबली नाही. कुणी बघत नव्हतं म्हणून मी एक पान खाऊन पाहिलं. वाईट नव्हतं. हे आईला सांगू नका.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना आईचा डाव सूनबाईच्या ताटाकडे निघाला. "पुरे, आई," ती म्हणाली. आवाज तोच, हळू. डाव हवेत थांबला. आईनं टाकीकडे एक नजर टाकली, आणि डाव परत पातेल्यात गेला.

सडणं आत पोचलं नव्हतं.

टाकीत बसायला जागा हवी होती, तर मिस्त्रींनी फळी केली. चांगलं लाकूड, चढायला उतार, कडा गोल केलेल्या. झाल्यावर त्यांचा हात सवयीनं बोळ्याकडे गेला. मी वरून नाही पाहिलं हे, सूनबाईनं नवऱ्याला सांगताना ऐकलं. हात गेला, थांबला, आणि परत आला. कोरी फळी त्यांनी तशीच वर आणली. या घरातली पॉलिश न लागलेली पहिली वस्तू.

"बाबा, पाण्यात कुजेल ही," मुलगा म्हणाला.

"कुजू दे. दुसरी करीन."

आता ती तिसरी आहे. मी तिच्यावर चढते, पाय मागे ताणते, आणि पोटाखाली लाकडाच्या रेषा लागतात. खऱ्या रेषा, घासून बुजवलेल्या नाहीत.

माझी पाठ काही पहिल्यासारखी होणार नाही. कडा वळलेल्या त्या वळलेल्याच राहतील. उजवीकडे डाग होता तिथं खळगा आहे, अंगठा बसेल एवढा. पण तो कडक आहे. परवा ते हॉटेलवालं गिऱ्हाईक वर आलं होतं. टाकीत डोकावून म्हणालं, "मिस्त्री, तुमच्या शेठला चमकच नाही की! एक हात मारा ना."

"शेठ नाही, बाई आहे ती," मिस्त्री म्हणाले. "आणि तिच्या पाठीला हात लावायचा नाही."

तेव्हा तुम्ही, ज्यांच्या घरात खिडकीशी एखादी टाकी आहे आणि जे मनात म्हणताहात, आमचा मात्र मजेत आहे, चमकतोय कसा बघा, तुम्हाला मी हात जोडणार नाही. माझे हात तसे जुळतही नाहीत. एवढंच सांगते: चमकेवर जाऊ नका. बोट लावून बघा, वास घेऊन बघा, आणि तो चावला तर त्याला पिसाळलाय म्हणण्याआधी तुमच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघा.

झालं माझं बोलून. आता सरका जरा. खिडकी उघडी आहे, ऊन फळीपर्यंत आलंय, आणि मधे तुम्ही उभे आहात.